पेके म्हणजे माहेर

दिल्लीत पानगळ थंडीत होत नाही. थंडीभर झाडं धुक्यात गुपचूप उभी असतात आणि होळीची राख निवते न निवते तोच अंगावरचं सगळं झटकून टाकतात. मार्च सरता सरता कडुलिंबाखाली इतका पिवळा पाचोळा पडतो की सकाळी झाडूवाल्या बायांनी केलेले ढीग दुपारच्या वाऱ्याने पुन्हा रस्ताभर होतात. आणि त्याच वेळी, त्याच फांदीवर, तांबूस, ओलसर, बोटांना जराशी चिकट लागणारी पालवी फुटलेली असते. जुनं गेल्यावर नव्याची वाट बघायला इथे वेळच मिळत नाही. शाळांच्या परीक्षा याच दिवसांत असतात. खिडकीतून येणारा कोरडा वारा, वहीच्या पानांवर बसणारी बारीक धूळ, आणि थोड्या दिवसांनी येणारा कडुलिंबाच्या मोहोराचा मंद, मधासारखा वास. इतक्या कडू झाडाला इतका गोड वास कसा येतो, हे मला लहानपणी कोडं होतं. अजूनही आहेच.

आता मी गाझियाबादला मुलाकडे राहते, आठव्या मजल्यावर. खाली बिल्डरने कसा कोण जाणे एक कडुलिंब शिल्लक ठेवलाय. यंदाच्या पाडव्याला त्याचीच डहाळी आणून गुढीला बांधली. निखिलने, माझ्या मुलाने, त्या दिवशी ऑफिसातल्या एका मुलीला जेवायला बोलावलं होतं. युको तिचं नाव. जपानहून वर्षभरासाठी गुडगावला आलेली. बूट काढून ती गॅलरीत गेली, गुढीकडे बराच वेळ बघत राहिली आणि तिने अगदी साधं विचारलं, की नव्या वर्षाला कडू पानं कशासाठी?

निखिलला कंपनीने परदेशी लोकांशी कसं वागावं याचं प्रशिक्षण दिलेलं आहे. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं, केवढं वाकायचं, कुठे गप्प बसायचं, सगळं त्याला येतं. पण या प्रश्नाला तो अडला. माझ्याकडे वळून म्हणाला, "आई, क्या बोलूँ इसको? बस, कस्टम आहे यार, एवढंच ना?"

मला हसू आलं. आणि हसता हसता मी आर. के. पुरमच्या आमच्या जुन्या क्वार्टरच्या व्हरांड्यात जाऊन पोचले. तिथे माझ्या आईलाही कडुलिंबावरून असंच अडायला झालं होतं. फक्त तिचं अडणं इतकं हलकं नव्हतं.

*

मी तेव्हा पाचवीत होते. पाकिस्तानशी युद्ध होऊन थोडेच महिने झाले होते आणि ब्लॅकआउटसाठी काचांना चिकटवलेल्या काळ्या कागदांचे तुकडे अजून कोपऱ्याकोपऱ्यांत राहिले होते. बाबा एका मंत्रालयात कारकून होते. साताऱ्याकडच्या खेड्यातून आलेला माणूस, इस्त्रीचा बुशशर्ट घालून सायकलने ऑफिसला जायचा आणि संध्याकाळी आल्यावर दार लोटलं की मराठीत यायचा. आमच्या घराची भाषा दाराच्या आत मराठी आणि दाराबाहेर हिंदी. मी मात्र उंबऱ्यावरच दोन्ही मिसळायचे. आई मला टोकायची, की "खिडकी खोल" नाही, "खिडकी उघड" म्हण.

आईला दिल्ली अजून आपली वाटत नव्हती. त्यात त्या थंडीत ती हॉस्पिटलात गेली आणि रिकाम्या हातांनी परत आली. बाळ राहिलं नाही, एवढंच मला सांगितलं. त्यानंतर ती कामं सगळी करायची, पण बोलायची कमी. स्वेटर विणायचा तिने मध्येच सोडून दिला.

समोरच्या दारात नवं कुटुंब आलं ते त्यानंतर. मुलगा हरीश सरकारी नोकरीत, त्याची बायको संतोष, आणि हरीशचे आईवडील, बीजी आणि बाऊजी. फाळणीत लायलपूरकडून आलेली माणसं. संतोषला दिवस गेले होते. बाऊजी सकाळी खाली हिरवळीवर खाट टाकून उर्दू पेपर वाचायचे आणि मी शाळेत निघाले की दर वेळी विचारायचे, की आज कशाचा पेपर. बीजी उंच, हाडापेराच्या, पांढऱ्या दुपट्ट्यातल्या. त्यांचा आवाज जिन्यात आधी पोचायचा आणि त्या नंतर. आई त्यांना बघून नमस्ते करायची आणि आत यायची. भाषेची भीती होती तिला. बीजींची हिंदी निम्मी पंजाबी, आईची हिंदी निम्मी मराठी. दोघींच्या मधल्या त्या दोन पावलांच्या जागेत काहीच पोचत नसे.

पाडवा आला. बाबांनी मच्छरदाणीची काठी धुऊन पुसून घेतली, कारण दिल्लीत वेळूची काठी कुठे शोधायची. साखरेच्या गाठी मिळत नव्हत्या, म्हणून मी बत्तासे दोऱ्यात ओवायला बसले. निम्मे फुटले, ते मी खाल्ले. आईने तिची लग्नातली हिरवी साडी चुण्या करून बांधली, तांब्या उपडा घातला, आणि खालच्या कडुलिंबाची पालवीची डहाळी लावून गुढी व्हरांड्याच्या कठड्याला उभी केली. उरलेली पानं तिने दाराच्या चौकटीला खोचली. खूप दिवसांनी ती गुणगुणत होती, हे मला आठवतं.

थोड्या वेळाने दार वाजलं. बीजी उभ्या होत्या. हातात वाटीभर गूळ, डोक्यावर नीट घेतलेला दुपट्टा, आणि चेहरा आनंदाने फुललेला.

"वधाइयाँ होण, भैण जी," त्या म्हणाल्या. "काका कित्थे है?"

अभिनंदन करतायत एवढं आईला कळलं. सणाचं असेल, असं तिला वाटलं. पण काका? तिने गोंधळून सांगितलं, "काका तो पूना में रहते हैं. नौकरी करते हैं."

आता बीजी गोंधळल्या. त्यांनी आईकडे पाहिलं, मग चौकटीतल्या पानांकडे बोट केलं, आणि दोन्ही हातांचा पाळणा करून हलवून दाखवला. पंजाबीत तान्ह्या मुलाला काका म्हणतात. आणि घरात मुलगा झाला की दाराला कडुलिंबाची नाहीतर शिरीषाची पानं बांधतात. हे आम्हाला पुढे कळलं. त्या वेळी आईला फक्त तो हातांचा पाळणा दिसला.

तिचा चेहरा मी बघत होते. तिने काही उलट उत्तर दिलं नाही. हात जोडले, मागे सरली आणि दार हळूच लावून घेतलं. बीजींची वाटी त्यांच्या हातातच राहिली.

गुढी संध्याकाळी, दिवस कलताना उतरवतात. त्या वर्षी आईने ती दुपारच्या आधीच उतरवली. चौकटीतली पानं ओढून काढली. बाबांनी समजूत घालायचा प्रयत्न केला, की त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत, त्यांची रीत वेगळी. आई म्हणाली, त्यांच्यावर राग नाही. मग म्हणाली, "माझ्या दारावर बाळ झाल्याची खूण मीच बांधली. आणि ती कशासाठी बांधली, हेसुद्धा मला सांगता आलं नाही. आपण का बांधतो हो ही पानं?"

"पहिल्यापासून बांधतात," बाबा म्हणाले.

"पण का?"

बाबा मच्छरदाणीची काठी जागेवर ठेवायला गेले.

*

मला वाटतं, बहुतेक माणसं या "पहिल्यापासून बांधतात" पाशीच राहतात. आपल्या घरात राहून आपलंच घर न पाहिलेली. परक्याने विचारलं की त्यांना राग येतो नाहीतर लाज वाटते, आणि दोन्हींत दार लागतंच. मी पुढे शाळेत शिकवलं, निरनिराळ्या प्रांतांतली मुलं हाताखालून गेली, आणि माझ्या पाहण्यात आलं ते हे, की ज्याला आपल्या घरची रीत नुसती पाठ असते तो दुसऱ्याच्या रीतीला घाबरतो. ज्याला ती कळलेली असते तो कुतूहलाने पुढे सरकतो. आई शिकलेली नव्हती, सातवीपर्यंत गेली होती. पण त्या चैत्रात तिने जे केलं ते मी नंतर कुठल्या वर्गात शिकले नाही.

तिला त्या प्रश्नाने धरलं. कामं करता करता ती त्याच्याभोवती फिरत राहिली. ओळखीच्या एका मराठी बाईंना तिने विचारलं. त्या म्हणाल्या, आरोग्याला चांगला असतो. आई घरी येऊन म्हणाली, मग रोज का नाही खात? वर्षातून एकदाच कशाला आरोग्य?

मग ती आठवू लागली. मोठ्याने, कणीक मळताना, माझा भूगोल चालू असताना. तिच्या गावी बाळंतिणीच्या न्हाणीच्या पाण्यात कडुलिंबाचा पाला उकळायचे. देवी आल्या, कांजिण्या आल्या, की आजाऱ्याच्या उशाशी डहाळी. पाडव्याला गूळ, ओवा आणि हिंग घालून पानांची चटणी. आणि माणूस गेलं, की मसणातून परत आलेले लोक उंबऱ्यात उभे राहून एक एक पान दाताखाली धरायचे, चूळ भरायचे आणि मग घरात यायचे. हे शेवटचं सांगताना ती थांबली. पिठाचे हात तसेच धरून म्हणाली, "मंजू, बघ गं. जेव्हा जेव्हा उंबऱ्यातून कुणी आत येतं नाहीतर बाहेर जातं, तेव्हा तेव्हा कडुलिंब असतो."

मला काही कळलं नाही. मी मान हलवली.

"म्हणजे बीजी चुकल्या नाहीत," ती म्हणाली. "दाराशी कुणीतरी आलंय, एवढं त्यांनी बरोबर ओळखलं. माझ्याकडे नवं वर्ष आलं होतं. त्यांना बाळ वाटलं."

हे ती बोलली तसं तिच्या खांद्यांतलं काहीतरी सैल झालेलं मला दिसलं. त्या रात्री तिने बाबांना सांगितलं, की उद्या समोर जाऊन येते, त्यांना वाईट वाटलं असेल. काय न्यावं याचा विचार करत होती. लोणचं नेईन म्हणाली.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी बाऊजी गेले. हिरवळीवर, खाटेवर, पेपर वाचतानाच. हरीश ऑफिसला निघाला होता, त्याने हाक मारली आणि त्यांनी मान वर केली नाही.

*

एप्रिलची हवा तापायला लागली होती. दुपारपर्यंत जिना चपलांनी भरला. गाझियाबादहून, फरीदाबादहून त्यांचे नातेवाईक आले. बायका पांढऱ्या दुपट्ट्यांत खाली जमिनीवर बसून मोठ्याने रडत होत्या, एक थांबली की दुसरी सूर उचलायची. आमच्याकडे असं रडत नाहीत. आजूबाजूच्या इतर बिऱ्हाडांतल्या बायका दारापर्यंत जाऊन घुटमळत होत्या. आत जावं की नाही, काही बोलावं की नाही, डोक्यावर पदर हवा की नको, कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या हळूच परत फिरत होत्या.

आईने पदर खोचला आणि स्टोव्ह पेटवला. पिठलं टाकलं. बाजरीचं पीठ थोडं उरलं होतं, त्याच्या भाकरी थापायला घेतल्या. बाबा ऑफिसातून लवकर आले होते, ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. त्यांना काळजी वाटत होती. आपल्या हातचं त्यांना चालेल का, त्यांच्यात आज खातात तरी का, आधी कुणाला तरी विचारावं.

"त्यांची रीत मला माहीत नाही," आई म्हणाली. "आपली माहीत आहे."

आमच्याकडे ज्या घरात माणूस जातं त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. पहिलं जेवण बाहेरून येतं. शेजारी आणतात, नातेवाईक आणतात, आणि समोर बसून भरवतात. गोडधोड नाही, फोडणीचा थाट नाही. त्याला कडू घास म्हणतात.

मी पाण्याचा तांब्या घेऊन तिच्या मागे गेले. पुरुष नुकतेच स्मशानातून परतले होते. समोरच्या दारात एक बाई ताटात कडुलिंबाचा पाला घेऊन उभी होती आणि आत येणारा प्रत्येकजण त्यातलं एक पान तोंडात टाकत होता. आईने ते पाहिलं. मग तिनेही एक पान उचललं, चावलं, आणि आत गेली.

बीजी भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोळे कोरडे. त्यांच्या बाजूला बाऊजींची बहीण, सगळे तिला बुआजी म्हणत होते. आईने ताट खाली ठेवलं आणि बीजींच्या समोर मांडी घालून बसली. तिची हिंदी त्या दिवशीही तशीच होती, पण ती अडखळली नाही.

"हमारे में आज घर में चूल्हा नहीं जलता. बाहरवाला खाना लाता है," ती म्हणाली. "उसको कडू घास बोलते हैं. कड़वा घास."

हिंदीत घास म्हणजे गवत. ते तिच्या लक्षात आलं नाही. बुआजींच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण बीजींनी मान वर केली. ताटाकडे पाहिलं. पिवळं पिठलं, करड्या भाकरी, बाजूला काही नाही.

"कौड़ी रोटी," त्या म्हणाल्या.

कडू रोटी. त्यांच्याकडेही तेच होतं, आणि नावही तेच. आईने मान हलवली. हो, तीच.

बुआजींना ते पटलं नव्हतं. त्यांनी शांतपणेच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की ही रोटी शेजारपाजारचं कुणी आणत नसतं. ती आपल्यातल्यांनी आणायची. बाईच्या पेकेकडून यायला हवी, तीच रीत आहे.

पेके हा शब्द आईला माहीत नव्हता. तिने माझ्याकडे पाहिलं. मी शाळेतल्या पंजाबी मुलींकडून तो कधीतरी ऐकलेला, मी हळूच म्हटलं, "माहेर."

आईचा हात ताटाकडे गेला. ती ते उचलून परत नेणार, असं मला वाटलं. तेवढ्यात बीजींनी तो हात धरला.

"मेरे पेके कौण रिहा ए आण वाला?" त्या बुआजींना म्हणाल्या. माझ्या माहेरचं यायला राहिलंय कोण? मग त्यांनी आईचा हात तसाच धरून सांगितलं, "एह मेरे पेकेयां दी ए." ही माझ्या माहेरची आहे.

सत्तेचाळीसच्या साली बीजींच्या माहेरच्या गावातून निघालेल्या माणसांपैकी कुणीच इकडे पोचलं नव्हतं. हे त्या खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं, फक्त आम्हाला नव्हतं. आईने भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि बीजींच्या तोंडाशी नेला. त्यांनी तो घेतला. चावता चावता त्यांना रडू फुटलं, सकाळपासून पहिल्यांदा. बुआजींनीच मग उठून पाणी दिलं, आणि दुसरा घास त्यांनी स्वतः भरवला.

*

युकोला मी हे सगळं सांगितलं नाही. तेवढं माझं इंग्रजी नाही आणि निखिलचं मराठी नाही. एवढंच सांगितलं, की हे पान आम्ही नव्या वर्षाला खातो आणि कुणी गेलं की तेव्हाही खातो. निखिल माझ्याकडे बघत राहिला. हे त्याने पहिल्यांदाच ऐकलं होतं. युकोने पान हातात घेऊन उलटसुलट केलं आणि म्हणाली, आमच्याकडे अंत्यसंस्काराहून परतल्यावर अंगावर मीठ टाकून घेतात, मगच घरात पाऊल ठेवायचं. तिच्या आजोबांच्या वेळी ती लहान होती, मीठ डोळ्यांत गेलं होतं. मग दोघं जेवण निवेपर्यंत आपापल्या आजोबांबद्दल बोलत बसले. निखिलला माझ्या वडिलांबद्दल इतकं आठवतं हे मला माहीत नव्हतं. ऑफिसात दोघांची टेबलं शेजारी आहेत म्हणे.

*

बाऊजींचं तेरावं झालं आणि वैशाखात संतोष बाळंत झाली. मुलगी झाली.

दाराला पानं बांधली गेली नाहीत. आईने वाट पाहिली, मग जाऊन विचारलं. बीजी म्हणाल्या, ती मुंड्यासाठी, मुलासाठी बांधतात. त्यात दुःखाचं घर. आलेल्या पाहुण्या बायका आपसात बोलत होत्या, की माणूस गेला तो गेला, त्याच्या जागी मुलगा तरी यायचा होता. संतोष ते ऐकून भिंतीकडे तोंड करून पडून होती. मुलगी तिच्या कुशीत, गुलाबी, मुठी मिटलेली.

आईने मुलीकडे बराच वेळ पाहिलं. तिने त्या थंडीनंतर एकही तान्हं बाळ हातात घेतलं नव्हतं. मग तिने विचारलं, "मैं लूँ?" आणि घेतलं. मला दारात उभं राहून भीती वाटत होती, की आई आता रडेल. ती रडली नाही. बाळाचं डोकं तिने नेमकं कोपराच्या खळग्यात बसवलं आणि म्हणाली, की आमच्यात मुलगी असो मुलगा असो, बाराव्या दिवशी बारसं होतं. पाळण्यात घालून नाव ठेवतात. ते मी करते. तुमच्या घरात नको म्हणत असाल तर माझ्या घरात करते.

बारसं त्यांच्याच घरी झालं. लाकडी पाळणा कुठून आणणार, म्हणून आईने तिची मऊ झालेली सुती साडी खोलीच्या छताच्या कड्यांना बांधून झोळी केली. गाठ मारताना तिचे हात मध्येच थांबले. मग तिने गाठ आणखी घट्ट आवळली आणि स्वतःचा सगळा भार टाकून ती पक्की आहे का पाहिली. आदल्या रात्री भिजवलेले हरभरे शिजवून घुगऱ्या केल्या होत्या. बीजींनी पातेल्यात डोकावून म्हटलं, अरे, ही तर घुंगणियाँ. आई म्हणाली, घुगऱ्या. दोघींनी एकमेकींचा शब्द म्हणून पाहिला, आणि दोघींनाही दुसरीचा नीट जमला नाही.

आजूबाजूच्या बायकांना आईने स्वतः जाऊन बोलावलं होतं. दारात घुटमळून परत गेलेल्या त्याच बायका. वरच्या घोषबाबूंची बायको आली, शेजारच्या जिन्यातल्या तमिळ मामी आल्या, खालची गढवाली नेगी भाभी आली. आईने त्यांना शिकवलं, की बाळाला झोळीच्या वरून एकीने द्यायचं, खालून दुसरीने घ्यायचं, आणि शेवटी बाळाची आत्या कानात नाव सांगते. सांगताना आधी कुर्र म्हणते, आणि तेव्हा बाकीच्यांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. मामींनी विचारलं, धपाटे का? आई हसली. म्हणाली, हे मात्र मलाही अजून कळलेलं नाही.

पण हरीशला बहीण नव्हती. आत्या आणायची कुठून? आईने बीजींना हाक मारली.

बीजी आपल्याच घरात, खोलीच्या टोकाला, भिंतीशी बसल्या होत्या. नव्या पांढऱ्या दुपट्ट्याने कपाळापर्यंत झाकलेल्या. त्यांनी मान हलवली. त्यांचं इथे काय काम, असं म्हणाल्या. विधवेने शुभकार्यात पुढे येऊ नये, हे त्यांनी तोंडाने सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. आईला ती जागा ओळखीची होती. तिच्या गावी तिची चुलती प्रत्येक बारशाला मागच्या अंगणात जाऊन बसायची आणि तिथून पाळणा ऐकायची.

आई बीजींच्या जवळ जाऊन बसली.

"हमारे में भी मना करते हैं," ती म्हणाली. "मैंने देखा है. मेरी काकी पीछे बैठती थी. मुझे कभी अच्छा नहीं लगा." मग तिने बाळ सरळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. "आप ही बोलो नाम. पोती आपकी है."

बुआजी समोरच होत्या. आता त्या काही बोलतील, म्हणून सगळ्याजणी त्यांच्याकडे बघायला लागल्या. बुआजींनी डोळे पुसले आणि बीजींना उठायला हात दिला.

बीजी झोळीपाशी आल्या. बाळाला आत ठेवलं. संतोषने नाव ठरवलं होतं, रितू. बीजी वाकल्या, कानाशी तोंड नेलं आणि कुर्र म्हणाल्या. पंजाबी गळ्यातला तो र इतका जोरात आला की मी दचकले. त्याबरोबर मागून धपाटे सुरू झाले. घोषबाबूंच्या बायकोने अगदी अदबीने दोन बोटं टेकवली, मामींनी थापटल्यासारखं केलं, आणि नेगी भाभीने, तिला कुणी प्रमाण सांगितलंच नव्हतं, डोंगरी हाताने असा एक सणसणीत ठेवून दिला की बीजींचा दुपट्टा डोक्यावरून घसरला.

तेराव्यापासून त्यांना असा कुणी हात लावला नव्हता. बीजी कंबरेवर हात ठेवून सरळ झाल्या, मागे वळल्या, आणि म्हणाल्या, "हाय, मार सुट्टेआ मैनूं." मारूनच टाकलं की गं मला.

आणि त्या हसायला लागल्या. आधी नुसते खांदे हलले, मग तो जिना भरून टाकणारा आवाज आला. नेगी भाभी माफी मागत होती, आई पदर तोंडाशी धरून हसत होती, बुआजींनी कपाळाला हात लावला होता. पलंगावरून संतोषने मान वळवून सासूकडे पाहिलं. झोळीतली रितू दचकून जागी झाली आणि जोराने रडू लागली, पण बीजींचं हसू काही केल्या थांबेना.